खुर्चीत बसून घेतलेला श्वास म्हणजे चाचणी नव्हे

बेळगावच्या उद्यमबागेत भावाबरोबर छोटं मशीन शॉप चालवणाऱ्या एका तरुण इंजिनिअरनं मला विचारलंय: "मामा, कारवारकडच्या एका डायव्हिंग ग्रुपनं रिब्रीदर तपासायचा बेंच बनवून मागितलाय. त्यांचं एक जुनं युनिट घरी आणलं, खुर्चीत बसून अर्धा तास त्यातून श्वास घेतला. काही त्रास झाला नाही, म्हणजे मूळ यंत्र चांगलं आहे असं धरतो. आता बेंचवर नेमकं काय काय मोजायचं? आणि मे महिन्यात हिडकलच्या धरणात एक ट्रायल घेतली तर चालेल का?"

बाळ, रिब्रीदर म्हणजे सोडलेला श्वासच शुद्ध करून पुन्हा देणारं डायव्हिंगचं यंत्र. आधी ते युनिट कपाटात ठेव आणि घरात एकटा असताना पुन्हा तोंडाला लावू नकोस. तू अर्धा तास बसलास आणि काही झालं नाही, यातून यंत्राबद्दल फार थोडं कळतं. हे मी तुला घाबरवायला सांगत नाही. नौदलाच्या वर्कशॉपमध्ये ही यंत्रं उघडण्यात आणि तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली, आणि नोकरीच्या सुरुवातीला मीही अगदी तुझ्यासारखाच एकदा स्टुलावर बसलो होतो. सेट जोडला, माउथपीस तोंडात धरला, नाकाला क्लिप लावली. ऑक्सिजनच्या बाटलीचा व्हॉल्व्ह उघडायचा राहिला होता. मला धाप लागली नाही, गुदमरलो नाही, डोकंही दुखलं नाही. उलट जरा बरंच वाटत होतं. त्यानंतरची आठवण थेट जमिनीवरून दिसणाऱ्या छताची आहे. शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या सहकाऱ्यानं मला पडताना पाहिलं आणि माउथपीस ओढून काढला, म्हणून आज तुला उत्तर लिहितोय.

असं का होतं, हे नीट समजून घे. पुढची प्रत्येक चाचणी यावरच उभी आहे. "हवा कमी पडतेय" ही जी भावना आपल्याला होते, ती मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे होते. ऑक्सिजन कमी झाल्याची वेगळी घंटा शरीरात जवळजवळ नाहीच. रिब्रीदरमध्ये आपण सोडलेला श्वास फिरून आपल्याकडेच येतो. वाटेत सोडा लाइमचा डबा, म्हणजे स्क्रबर, त्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो आणि खर्च झालेला ऑक्सिजन बाटलीतून भरला जातो. बाटली बंद असली तरी स्क्रबर आपलं काम करतच राहतो, म्हणून धोक्याची घंटा वाजत नाही. हिशेब करून बघ. फुफ्फुसं, नळ्या आणि काउंटरलंगच्या, म्हणजे सोडलेला श्वास साठवणाऱ्या, पिशव्या मिळून समज ७ लिटर हवा आहे. त्यात २१ टक्के ऑक्सिजन. बसलेला माणूस मिनिटाला साधारण ०.३ लिटर ऑक्सिजन खातो. २१ वरून १० टक्क्यांवर यायला अडीच मिनिटं लागतात. पाण्याखाली पाय मारणारा माणूस याच्या तिप्पट-चौपट ऑक्सिजन खातो, तेव्हा त्याच्याकडे मिनिटभरही नसतं.

उलट बाजूही तशीच. डुबकीआधी पाच मिनिटं बसून श्वास घेतला की स्क्रबर बिघडलेला असेल तर कळेल, असं आम्हाला शिकवलं होतं. २०१५ साली न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी ३० जणांवर हे तपासलेलं प्रसिद्ध झालं. बसणाऱ्याला न सांगता कधी स्क्रबर पूर्ण काढून टाकला, कधी त्याला अर्धवट बगल दिली. स्क्रबर अजिबात नसतानाही एक चतुर्थांश लोक पाच मिनिटं शांतपणे बसून राहिले. अर्धवट बिघाड तर जवळजवळ कुणाच्याच लक्षात आला नाही. म्हणून तुझ्या बेंचवर माणसाच्या जागी श्वास घेणारं यंत्र बसव.

ते यंत्र बनवणं तुम्हा लोकांना अवघड नाही. हायड्रॉलिक सिलिंडर होन करणाऱ्या गावात पिस्टन आणि सिलिंडरचं काय ते मी सांगावं! २ लिटरचा स्ट्रोक, मिनिटाला २० फेरे, म्हणजे मिनिटाला ४० लिटर. जोरात पोहणाऱ्या माणसासाठी ३ लिटर आणि २५ फेरे, म्हणजे ७५ लिटर. हालचाल साइन वेव्हसारखी हवी. साध्या क्रँक आणि कनेक्टिंग रॉडनं ती थोडी वाकडी येते, स्कॉच योकनं बरोबर येते. पिस्टनला तेल लावायचं नाही, याबद्दल पुढे सविस्तर बोलतो. सोडलेला श्वास कोमट आणि दमट असतो, म्हणून वाटेत गरम पाण्याचं भांडं ठेवून हवा ३२ ते ३४ अंशांवर आणि दमट करून घे. हा भाग लोक आळसानं वगळतात, आणि मग बेंचवरचा स्क्रबर खऱ्या डुबकीतल्या स्क्रबरसारखा वागत नाही.

त्या श्वासात मोजून कार्बन डायऑक्साइड सोडायचा. युरोपच्या ई.एन. १४१४३ या मानकात स्क्रबरच्या चाचणीसाठी ४० लिटर श्वासाला मिनिटाला १.६ लिटर कार्बन डायऑक्साइड, ४० मीटर खोली आणि ४ अंश थंड पाणी धरलंय. सर्वांत कठीण परिस्थिती मुद्दाम निवडली आहे. आत घेतल्या जाणाऱ्या श्वासात कार्बन डायऑक्साइडचा दाब ५ मिलिबारला पोहोचला की घड्याळ थांबवायचं, आणि १० मिलिबारला कधी पोहोचतो तेही लिहून ठेवायचं, कारण दोन वेळांमधल्या अंतरावरून डबा हळूहळू संपतो की एकदम कोसळतो ते कळतं.

इथे एक सापळा आहे आणि त्यात शिकलेली माणसंही अडकतात. खोलीवरचा दाब आणायला यंत्र दाबाच्या टाकीत ठेवतात; तिच्यातून नमुना बाहेर काढून ॲनालायझरला दिला की तो टक्के दाखवतो. ४० मीटरला एकूण दाब ५ बार असतो. त्यातले ५ मिलिबार म्हणजे फक्त ०.१ टक्का. बाहेर बसलेला माणूस ०.१ बघून म्हणतो, अजून भरपूर शिल्लक आहे. खरं तर डबा त्याच क्षणी संपलेला असतो. वहीत नेहमी दाब लिही, टक्के लिहू नकोस.

ऑक्सिजन "खाणं" हे जरा चलाखीनं करावं लागतं, कारण पिस्टन ऑक्सिजन खात नाही. साधी पद्धत अशी: लूपमधून, म्हणजे श्वास फिरतो त्या बंद मार्गातून, मोजून गॅस बाहेर काढायचा आणि मोजून नायट्रोजन परत घालायचा. लूपमध्ये ५० टक्के ऑक्सिजन असेल तर १ लिटर ऑक्सिजन खाल्ला असं दाखवायला २ लिटर मिश्रण काढायचं आणि १ लिटर नायट्रोजन आत सोडायचा. १.६ लिटर कार्बन डायऑक्साइडला जोडून ऑक्सिजन १.७८ लिटर धर. या दोन आकड्यांचं गुणोत्तर ०.९ येतं, माणसाच्या शरीरात ते तेवढ्याच्या आसपास असतं.

आता स्क्रबरबद्दल, कारण माझ्या मते निम्मे घोटाळे तिथेच असतात. शाळेत चुन्याच्या निवळीत नळीनं फुंकर मारली की ती दुधाळ व्हायची, आठवतं का? डब्यात तेच चाललेलं असतं. सोडा लाइम म्हणजे मुख्यतः चुना, थोडा कॉस्टिक सोडा आणि बऱ्यापैकी पाणी. कार्बन डायऑक्साइड आधी ओलाव्यात विरघळतो, कॉस्टिकशी भिडतो आणि शेवटी चुन्याचा चुनखडा होतो. त्यात उष्णता निघते. दाणे कोरडे पडले तर पहिली पायरीच होत नाही. थंडीत क्रिया मंदावते. खोलीवर दाब वाढतो तसे इतर वायूचे रेणू दाट होतात आणि कार्बन डायऑक्साइडला दाण्यापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. म्हणून पृष्ठभागावर चार तास टिकलेला डबा खोल थंड पाण्यात तेवढा टिकेल असं कधीच धरू नकोस.

आणि भरणं! पायलीत भात मोजताना बघ, नुसता ओतला की पायली भरल्यासारखी दिसते. दोनदा आपटली की बोटभर खाली बसतो. स्क्रबर भरताना तेच. थोडं ओत, बाजूनं टिचक्या मार, पुन्हा ओत. जागा राहिली तर गॅस दाण्यांमधून जायचं सोडून त्या फटीनं पळतो. खानापूरकडे भाताच्या खाचरात बांधाला खेकड्यानं बीळ पाडलं की सगळं पाणी त्या एका बिळातून निघून जातं आणि सकाळी खाचर कोरडं मिळतं, तसं. म्हणून एका डब्यावर चाचणी करून आकडा छापू नये. किमान पाच वेळा, शक्यतो दोन-तीन वेगवेगळ्या माणसांनी भरलेले डबे घे. पाचांची सरासरी डायव्हरच्या कामाची नाही, त्याच्या पाठीवर एकच डबा असतो. सर्वांत कमी टिकलेल्या डब्याचा वेळ सांग. आणि "तीन तास चालतो" असं नुसतं कुणी म्हणालं तर विचार: किती लिटर श्वासाला, किती कार्बन डायऑक्साइडला, किती खोलीला, किती थंड पाण्यात? हे चार आकडे जोडलेले नसतील तर तो तीन तासांचा आकडा वहीत घेऊ नकोस.

श्वास घ्यायला किती जोर लागतो, हे दुसरं मोठं मोजमाप. माउथपीसपाशी दाब मोजायचा, पिस्टन किती सरकला ते मोजायचं आणि दोन्हींचा आलेख काढायचा. बंद वेटोळं मिळतं. त्या वेटोळ्याच्या आतलं क्षेत्रफळ म्हणजे एका श्वासाला लागलेलं काम. मिलिबार गुणिले लिटर, भागिले दहा, की ज्यूल आले. त्याला श्वासाच्या लिटरांनी भागायचं. मानकातली मर्यादा श्वासाच्या वेगाबरोबर वाढते: मिनिटाला जितके लिटर, त्याला ०.०३ नं गुणून ०.५ मिळवायचे. ७५ लिटरला २.७५ ज्यूल प्रति लिटर येतात. शिवाय दाबाचं टोक दोन्ही बाजूंना २५ मिलिबारच्या पलीकडे जाता कामा नये. २५ मिलिबार म्हणजे पंचवीस सेंटिमीटर पाण्याचा स्तंभ. महागडा ट्रान्सड्यूसर, म्हणजे दाब मोजणारा सेन्सर, येईपर्यंत पारदर्शक नळीचा यू आकार करून त्यात रंगीत पाणी भर. वेगवान श्वासात त्याचं पाणी हेलकावे खातं, म्हणून आलेखाला तो चालणार नाही. पण ट्रान्सड्यूसरचा शून्य आणि २० मिलिबार बरोबर आहेत का, हे त्याच्याइतकं प्रामाणिकपणे काहीच सांगत नाही. माझ्या टेबलावर तो शेवटच्या दिवसापर्यंत होता.

हा जोर एवढा महत्त्वाचा का? कारण स्क्रबर अगदी नवा असला तरी श्वास जड झाला की माणूस नकळत कमी श्वास घेतो आणि शरीरातला कार्बन डायऑक्साइड शरीरातच साठतो. खोलीवर गॅस दाट होतो, तसा श्वास जड होतो. पृष्ठभागावर हवा लिटरला सव्वा ग्रॅमच्या आसपास असते, ३० मीटरला ती ५ ग्रॅमपर्यंत जाते, आणि ६.२ ग्रॅमच्या पलीकडे जाऊ नये असं आता सगळीकडे सांगितलं जातं. तुझ्या बेंचवर पृष्ठभागाच्या दाबाला आलेला सुंदर आलेख ४० मीटरबद्दल काही सांगत नाही, हे ग्राहकाला पहिल्या दिवशीच स्पष्ट सांग.

काउंटरलंग कुठे आहे त्यावरही जोर अवलंबून असतो. पिशवी छातीपेक्षा वीस सेंटिमीटर वर किंवा खाली असेल तर तेवढ्याच मिलिबारचा फरक पडतो. त्यामुळे यंत्र उभं, पालथं, उताणं, डोकं खाली अशा सगळ्या स्थितींत पाण्याच्या टाकीत फिरवून मोजावं लागतं. फिरती चौकट तुम्ही सहज बनवाल.

गळतीच्या चाचणीवर जास्त लिहीत नाही. लूप फुगवून दाब टिकतो का ते बघायचं, मग हवा ओढून पिशव्या चिकटून राहतात का ते बघायचं. दुसरी चाचणी विसरू नकोस. आत ओढणारी फट फुगवल्यावर कधीकधी बंद होते, आणि त्याच फटीतून पाणी सोडा लाइमपर्यंत पोहोचलं की कॉस्टिकचा घोट डायव्हरच्या तोंडात येतो. घसा भाजलेला माणूस मी पाहिलाय.

लूपमधला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेलबद्दल मात्र बेळगावच्या माणसानं वेगळं शिकायला हवं. आपण समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर वर राहतो. इथे हवेचा दाब ९२५ मिलिबारच्या आसपास असतो. लूपमध्ये शुद्ध ऑक्सिजन भरून तू सेलला "हे १.००" असं शिकवलंस, तर तो खोटं शिकला, खरा दाब ०.९२ बार आहे. मग कारवारच्या समुद्रात पडद्यावर १.३० दिसेल तेव्हा खरा ऑक्सिजन १.२० असेल, म्हणजे नायट्रोजन समजतो त्यापेक्षा जास्त. डायव्हरचा कॉम्प्युटर त्या चुकीच्या आकड्यावर वर येण्याचा हिशेब करतो. म्हणून बेंचवर चांगला बॅरोमीटर ठेव आणि कॅलिब्रेशनच्या वेळी त्या दिवसाचा खरा दाब लिही. विमानतळाच्या हवामानाच्या नोंदीत येणारा दाब बहुधा समुद्रसपाटीला उतरवलेला असतो, तो वापरू नकोस. ही चूक मी आपल्याच भागात आलेल्या एका युनिटवर पाहिली आहे. सगळे सेल एकमतानं चुकीचे होते.

एकमतावरून आठवलं. बहुतेक यंत्रांत तीन सेल असतात आणि दोघांचं जुळलं की तिसऱ्याला वगळतात. पण तिन्ही सेल एकाच दिवशी विकत घेतलेले, एकाच गर्मीत तापलेले असतात. हे सेल आत शिसं झिजवून वीज देतात, साधारण वर्ष-दीड वर्षात थकतात आणि दोन एकदम थकले की चांगल्या तिसऱ्यालाच वेड्यात काढतात. थकलेला सेल हवेत आणि शुद्ध ऑक्सिजनमध्येही बरोबर आकडा दाखवू शकतो. फक्त त्याच्या वर चढत नाही. पडदा १.२ वर अडकतो, यंत्राला वाटतं ऑक्सिजन कमी आहे, आणि ते ओततच राहतं. १.६ बारच्या वर माणसाला पाण्याखाली झटके येऊ शकतात आणि माउथपीस सुटतो. म्हणून छोटा प्रेशर पॉट बनव: तीन सेल बसतील एवढं भांडं, गेज, नीडल व्हॉल्व्ह, सेफ्टी व्हॉल्व्ह आणि मिलिव्होल्ट मोजायला तीन तारा. शुद्ध ऑक्सिजनमध्ये १.६ बार निरपेक्ष दाबापर्यंत हळूहळू चढव आणि मिलिव्होल्ट सरळ रेषेत वाढतात का ते बघ. निरपेक्ष म्हणतोय, गेजवर तेव्हा ०.६८ च्या आसपास दिसेल. तुझ्या ग्राहकाला सर्वांत आधी हेच भांडं करून दे. खर्च कमी आहे आणि माझ्या मते जीव वाचवायला याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

आता ज्या गोष्टीची मला तुझ्याबाबत खरी काळजी वाटते. तुमच्या शॉपमध्ये हवेतच कटिंग ऑइल असतं. भावाच्या हाताला कूलंट, चिंधीला ग्रीस, कॉम्प्रेसरच्या हवेत तेलाचं धुकं. दाबातल्या ऑक्सिजनला तेलाचा डाग पुरतो, ठिणगीची गरज नाही. व्हॉल्व्ह झटकन उघडला की पुढचा गॅस दाबला जाऊन इतका तापतो की डाग पेट घेतो, आणि मग सीट, रबर, कधीकधी धातूही जळतो. ऑक्सिजनचे सुटे भाग जोडायला वेगळी बंद खोली ठेव. भाग डिटर्जंटनं धुवून, चांगल्या पाण्यानं खळबळून, वाळवून, पिशवीत बंद करून तिथे आण. बाहेरची हत्यारं आत नेऊ नकोस. ओ रिंगला ऑक्सिजनसाठीचं ग्रीस, तेही नखभर. व्हॉल्व्ह नेहमी सावकाश उघड आणि तोंड बाजूला ठेव. दाबाच्या टाकीची पहिली परीक्षा पाण्यानं घे, हवेनं कधीही नको. पाण्यानं भरलेली टाकी फुटली तर जमीन भिजते, हवेनं भरलेली फुटली तर माणसं मरतात.

४० मीटरच्या दाबाची मोठी टाकी मात्र तू लगेच हातात घेऊ नकोस. तुझा बेंच पृष्ठभागावरचाच असू दे. सर्व्हिसिंगच्या आधी आणि नंतर श्वासाचा जोर किती बदलला, सेल सरळ आहेत का, गळती आहे का, डबा नेहमीसारखा भरला जातोय का, हे त्यावर उत्तम कळेल, आणि डायव्हिंग ग्रुपला रोजच्या कामाला तेवढंच लागतं. खोलीवरचा टिकाऊपणा छापायचा असेल तर त्यासाठी सोय असलेल्या प्रयोगशाळेत युनिट पाठवायला सांग.

माणसावरची चाचणी या सगळ्यानंतर येते. माउथपीस जबड्याला ठीक बसतो का, हातमोजे घालून व्हॉल्व्ह सापडतो का, गढूळ पाण्यात पडदा वाचता येतो का, हे माणूसच सांगू शकतो. पण मर्यादा कुठे आहे ते माणसाकडून शोधायचं नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाचे डॉक्टर केनेथ डोनाल्ड यांनी डायव्हरांवर ऑक्सिजनच्या शेकडो चाचण्या घेतल्या. एकच माणूस एके दिवशी बराच वेळ टिकायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याच दाबाला थोड्या वेळात झटके यायचे, असं त्यांना दिसलं. आज ठीक वाटलं म्हणून उद्याचं काही ठरत नाही. पहिली डुबकी उभं राहता येईल एवढ्या पाण्यात, प्रशिक्षण घेतलेल्या डायव्हरनं, स्वतंत्र बेलआउट बाटलीसह (यंत्र बिघडलं तर श्वास घ्यायची बाटली), हाताच्या अंतरावर दुसरा माणूस ठेवून.

यावरून हिडकलचं उत्तर तुला कळलं असेल. नको. धरणात उतरायला परवानगी लागते हा एक भाग झाला. तळाला जुनी झाडं, जाळी, गाळ. हात लावला की काही दिसत नाही. गोडं पाणी, समुद्रसपाटीहून साडेसहाशे मीटरवर, म्हणजे खोलीचे आणि वर येण्याचे सगळे तक्ते बदलले. अशा ठिकाणी न तपासलेलं यंत्र घेऊन जाणं म्हणजे एकाच वेळी चार अनोळखी गोष्टी अंगावर घेणं. हुन्नूरच्या बुडालेल्या विठ्ठल मंदिराची तुला ओढ असेल तर उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते वर येतं. तेव्हा जाऊन दर्शन घे.

प्रेशर पॉटचं ड्रॉइंग झालं की माझ्याकडे घेऊन ये. झाकणाचे बोल्ट आणि सेफ्टी व्हॉल्व्हची जागा आपण बसून ठरवू. आणि त्या जुन्या युनिटमधले सेल बाहेर काढून त्यांच्यावरची तारीख बघून ठेव.